वाळू, वारा आणि डावी-उजवी डिस्क

शबॉयगन, विस्कॉन्सिन
सोमवार, जून महिना

परमपूज्य एर्विनमामा,

तुमच्या दोन्ही गुडघ्यांना माझा नमस्कार, त्यातल्या नव्या गुडघ्याला जरा जास्त. (नवा कुठला, डावा की उजवा, ते आठवत नाही. डाव्या-उजव्याच्या बाबतीत मी सध्या कुणाशीही पैज लावत नाही. कारण पुढे येईल.) तब्येत कशी आहे? बागेतला ऱ्हुबार्ब कसा आलाय? कुत्री अजून पोस्टमनवरच राग काढते का? इकडे सगळं ठीक आहे. आमच्या ॲनिकाला नवी नोकरी मानवलीय, तिच्या आईला, म्हणजे डोरीनला, मी अजून मानवलेलो नाही. आमच्या कार-क्लबातल्या लेरॉयनेही तुम्हाला नमस्कार सांगितलाय. चाकाचे नट मापात आवळायचा तुमचा तो लांब टॉर्क पाना त्यानेच ढापला, या संशयावरून तुम्ही तीन वर्षं त्याच्याशी बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण सांगितलेला नमस्कार पोचवायला हवा, म्हणून पोचवला.

नोव्हेंबरातल्या त्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणातल्या प्रकाराबद्दल मला काहीही लिहायचं नाही. (लिहितो.) मुद्दा एवढाच होता, की स्पोर्ट्स कारच्या ब्रेकची डिस्क आतून पोकळ असते, दोन चकत्यांमध्ये वाकडी पाती असतात आणि त्यांतून हवा खेळून डिस्क थंड होते. ती पाती कुठल्या बाजूला झुकलेली हवीत, यावर आपलं वाजलं. तुम्ही म्हणालात, चाक फिरतं त्याच्या उलट, मागे. मी म्हणालो, पुढे. ओंजळ पुढे केली तरच पाणी येतं. तेव्हा तुम्ही डोरीनच्या चांगल्या ताटलीत फरसबीच्या शेंगा पात्यांसारख्या गोल मांडल्यात, मध्ये ग्रेव्ही ओतलीत आणि ताटली गरकन फिरवलीत. ग्रेव्ही लेरॉयच्या शर्टावर गेली. सगळे हसले आणि त्या हसण्याच्या भरात मी ते वाक्य बोललो: "मामा, तुम्हाला वाळू कळते, वारा कळत नाही." ज्या माणसाने अडतीस वर्षं फाउंड्रीत त्याच पात्यांचे वाळूचे साचे केले, त्याला मी हे ऐकवलं. तुम्ही टोपी घातलीत आणि जेवणानंतरच्या गोडाची, त्या 'पाय'ची, वाटही न बघता निघून गेलात. (तो 'पाय' पीकनच्या सुक्यामेव्याचा होता. तुमचा तुकडा मी खाल्ला. तो गोड लागला नाही, हेही लिहून ठेवतो.)

तर एप्रिलमध्ये मी माझ्या आणि ॲनिकाच्या गाडीसाठी पुढच्या नव्या डिस्का आणल्या, नेमक्या तुमच्याच जुन्या फाउंड्रीतल्या. प्रत्येकीवर ओतीव अक्षरांत खूण होती, ही डावी, ही उजवी. मी गॅरेजमध्ये बराच वेळ ओंजळ पुढे-मागे करत उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं, की फाउंड्रीने घोटाळा केलाय, अक्षरं उलटी पडलीत. मग डावीकडची उजवीकडे बसवली, उजवीकडची डावीकडे, दोन्ही गाड्यांना. एवढ्यावर थांबलो असतो तर मी नॉर्बर्ट कसला! क्लबात खडू घेऊन व्याख्यान दिलं. ते ऐकून आणखी तिघांनी आपापल्या डिस्का बदलल्या. एकटा लेरॉय बदलेना. म्हणाला, "एर्विनच्या फाउंड्रीने डावी म्हटलंय ना? मग ती डावी. तू खडू खिशात ठेव."

आता कालचा रविवार. रेसच्या ट्रॅकवर ऊन छान, गर्दी बेताची. तीन फेऱ्या झोकात झाल्या. चौथ्या फेरीत लांब सरळ रस्ता संपता संपता मी ब्रेक दाबला, तर पाय जो खाली गेला तो मला वाटलं थेट मिशिगन सरोवरात निघतोय. डिस्का इतक्या तापल्या होत्या की ब्रेकचं तेल उकळलं होतं. वळण डावीकडे गेलं, मी सरळ गेलो, आधी गवतात, मग खडीत, आणि कुंपणाला टेकवलेल्या टायरांपासून हातभर अंतरावर थांबलो. झेंडे दाखवणाऱ्या बाई चीझ खात होत्या, त्या उठल्यासुद्धा नाहीत. कुंपणाआडूनच म्हणाल्या, "नॉर्ब, भेटायला यायचं तर फाटकातून यावं." मी हसलो, पण मामा, उतरल्यावर आधी ते हातभर अंतर दोनदा मोजलं.

लेरॉय तापमान मोजायची बंदूक घेऊन आला. माझी डिस्क साडेअकराशे अंश फॅरनहाइट. त्याची, तसलीच डिस्क, तसलीच गाडी, तेवढ्याच फेऱ्या, साडेनऊशे. नुसतं आपल्या शर्टावर बोट ठेवलं. काल तो तोच शर्ट घालून आला होता, ग्रेव्हीच्या डागासकट. मग म्हणाला, "सात महिने पुरावा अंगावर वागवतोय मी." आणि मला ती ताटली आठवली. ग्रेव्ही बाहेरून आत कुठे आली होती? मधून निघाली आणि कडेने उडाली. डिस्कही हवा मधल्या भोकातून ओढते आणि कडेने फेकते, आणि पाती मागे झुकलेली असली तरच ती हवा सुटसुटीत निसटते. मी तिला ओंजळीत घ्यायला निघालो होतो.

गंमत बाजूला ठेवून एक सांगतो. डोरीन ॲनिकाची गाडी घेऊन आली होती, ती बाजूलाच उभी होती. येत्या शनिवारी ती आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅकवर उतरणार आहे, आणि त्या डिस्का मी माझ्या हातांनी बसवल्या होत्या. तिथेच जॅक लावला, पुढची दोन्ही चाकं काढली आणि सगळं तुमच्या खुणांप्रमाणे केलं. डोरीन शेजारी उभी होती. तिने एकच विचारलं, "म्हणजे तिच्याही गाडीला तू...?"

असो. काळजी घ्या, गोळ्या वेळेवर घ्या, आणि जिना चढताना कठडा धरा.

तुमचा (आठवड्यातले निदान सहा दिवस) आज्ञाधारक भाचा,
नॉर्बर्ट

ता. क. एक लहानशी विनंती. त्या तिघांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते शनिवारपर्यंत ट्रॅकवर जाणार नाहीत आणि लेरॉय शुक्रवारपर्यंत तोंड बंद ठेवणार आहे. तर शुक्रवारी क्लबाच्या माशांच्या जेवणाला येऊन तुम्ही एवढंच म्हणाल का, की यंदा फाउंड्रीतच अक्षरांचा काही गोंधळ झाला? तुम्ही निवृत्त आहात, तुमचं काय बिघडतंय? माझी मात्र क्लबातली वीस वर्षांची पत आहे.

ता. क. (मंगळवार सकाळ) वरची विनंती रद्द. पाकीट बंद करायच्या आत डोरीनने पत्र वाचलं. म्हणाली, "एकदा त्यांना वाळूवाला म्हणालास, आता त्यांना खोटंही बोलायला लावतोस?" मी तिघांनाही फोन केला आणि खरं ते सांगितलं. पहिला हसला, दुसऱ्याने शिवी दिली, तिसऱ्याने दोन्ही केलं. मामा, त्या दिवशी चूक माझी होती, डिस्कच्या बाबतीत आणि बोलण्याच्याही. ॲनिका म्हणते, "बाबा, चाकं तू लावलीयस ना? मग एर्विनआजोबांनी बघितल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही." मीही तिला बसू देणार नाही. शुक्रवारी जेवायला या, राहा, आणि शनिवारी सकाळी चाकं तुमच्या डोळ्यांनी बघा. तुमची खुर्ची आम्ही कुणाला दिलेली नाही. फक्त ती लेरॉयच्या शेजारी आहे.

ता. क. शेवटचा. येताना नट आवळायला पाना आणू नका. तुमचा तो लांब टॉर्क पाना माझ्याकडेच आहे, तीन वर्षांपासून. लेरॉयला हे आधी कोण सांगणार, ते शुक्रवारी ठरवू.