भोंग्यावर घेतलेलं नाव

अल्लीपूर,
बुधवार, दुपार

प्रिय भागाबाईंना सुमित्रावहिनीचा नमस्कार.

डोळ्याची पट्टी निघाली असेल आणि थेंब वेळेवर पडत असतील, असं धरून लिहिते. ऑपरेशननंतर पंधरा दिवस रडायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं म्हणून तुम्हाला तुमच्या दादाच्या मातीला येऊ दिलं नाही. तेव्हा रडण्यासारखं शक्यतो लिहीत नाही. (पत्र तुमच्या नातीनं, रीतानं वाचून दाखवावं. ती मधले शब्द गाळते, तिला गाळू देऊ नये.) फोनवर आपण दोघी नुसत्या हुंदके देतो आणि हकीकत राहूनच जाते.

मंगळवारी सकाळी चहा घेता घेता ते गेले. कप सांडला नाही, बशीत नीट ठेवला होता. दहापर्यंत योगेंद्र नागपूरहून पोचला. बापानं त्याला मागेच सांगून ठेवलं होतं की माझ्या वेळी गावाला कळवायचं नाही, कापूस वेचायचे दिवस असले तर लोकांची मजुरी बुडते. पोरानं ते मनावर घेतलं. मोबाइलवर त्यानं अंत्यविधी उरकून देणारी एक मंडळी शोधली. त्यांचीच गाडी, त्यांचीच चार माणसं, त्यांचाच महाराज. घरचे तेवढे हजर, बाकीच्यांनी आपापल्या मोबाइलवर बघायचं, दोन तासांत सगळं आटोपतं. मी हो म्हटलं. त्या वेळी मला कोणी गोवऱ्या थापायला सांगितल्या असत्या तरी मी हो म्हटलं असतं.

मग अंगणात ऑटो दिसला, वर भोंगा. भागाबाई, चाळीस वर्षं, आधी सायकलवर आणि मग ऑटोवर, गावातली प्रत्येक मयत यांनीच सांगितली. (लग्नंही सांगितली, पण लग्नात आवाज उगाच नाकातून काढत. मयतीला खरा आवाज.) आनंदाबाई गेल्या ते आठवतं का? त्यांच्या मागेपुढे कोणी नव्हतं. पहिल्या फेरीला सहाच माणसं जमली, तर हे उपाशीपोटी आणखी दोन फेऱ्या मारून आले आणि तीसेक माणसं गोळा केली. परत आल्यावर पायावर पाणी घेत म्हणाले, "माणूस एकटा नाई गेला पायजे." त्या दिवशीची भाकर त्यांनी दुधात कुस्करून खाल्ली, घसा एवढा बसला होता.

मी योगेंद्रला म्हटलं, गाडी नको. तो म्हणाला, बाबांचीच इच्छा आहे. मी म्हटलं, "त्याईले लोक नको असतीन. मले पायजेत." तो उठून ऑटोची चावी घेऊन आला.

आता सांगायचं कोणी? शेजारचा मुकेश ऑटो चालवायला बसला, पण माइक हातात घेईना. योगेंद्रनं घेतला, "कळवण्यास" एवढं म्हटलं आणि माइक खाली ठेवला. शेवटी मीच मागे चढले. सगळा मजकूर मला पाठ होता. अडलं ते नावाशी. पंचेचाळीस वर्षांत उखाण्याशिवाय ते नाव मी कधी घेतलं नव्हतं, आणि मयतीच्या भोंग्यावर उखाणा कसा घेणार? मी आपलं सांगितलं, "योगेंद्रचे बाबा वारले, एक वाजता माती आहे."

गावात दुसराही एक योगेंद्र आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. किराणावाले सदाशिवराव, त्यांचा मुलगा. अर्धं गाव त्यांच्या दारात. एकानं हारही आणला होता. सदाशिवराव ओट्यावर पोहे खात बसलेले. त्यांच्या बायकोला लोक समजूत घालायला लागले तेव्हा तिनं झाडू उचलला म्हणतात. मग सगळी गर्दी मागे घेऊन सदाशिवराव आमच्या ऑटोला आडवे आले. ओठाला पोहा चिकटलेला, डोळे भरलेले. हळूच म्हणाले, "वहिनी, नाव घ्या. मी आहो अजून."

मी नाव घेतलं. तानबाजी. आधी हळू, मग भोंगा घरघरला म्हणून मोठ्यानं. एकदा निघाल्यावर थांबवेना, भागाबाई. पार नाल्यापलीकडच्या वस्तीपर्यंत घेत गेले. मुकेश नुसता ऑटो हळू करत होता.

वावरातून बाया आल्या, कापसाची ओटी कमरेला तशीच. किती आले ते मोजलं नाही. योगेंद्र गाडीला नको म्हणायचं विसरला होता, तीही आली. तिच्यातल्या चार माणसांनी गर्दी पाहिली, चपला काढल्या आणि आळीपाळीनं खांदा दिला. योगेंद्र माणसांच्या मधोमध चालला होता. इतका वेळ कोरडा होता पोरगा, तिथे रडला. सदाशिवरावांनी त्याला धरलं होतं. एवढे लोक बघून हे माझ्यावर रागावले असते. रागावोत.

(इथे रीतानं थांबून तुमचा डोळा पुसावा. कापसानं नको.)

तेरवीला सगळ्यांनी यावं. पंधरा दिवस तोवर उलटलेले असतील.

तुमची वहिनी,
सुमित्रा

ता. क. तेरवी झाली की योगेंद्र मला नागपूरला नेणार होता, सहाव्या मजल्यावर. मी त्याला सांगितलं की भागाबाई होळीपर्यंत माझ्याकडे राहायला येणार आहेत, त्यांना एकटं सोडून मी कशी येऊ? त्याला ते पटलं.

आणखी एक. तुम्ही लगेच हो म्हटलं, असंही मी त्याला सांगितलं आहे. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून हे पत्र.