दर्शनी काचेचा कंत्राटदार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (पूर्वी साष्टांग लिहायचो, पण हल्ली खाली वाकलो की उठवायला कुणीतरी लागतं, तेव्हा उगाच खोटं कशाला लिहू?) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून त्याला घरचा पाहुणा करून बसलेत? डॉक्टर बदला म्हणावं. नाहीतर निदान औषध तरी घ्या म्हणावं, कपाटात ठेवून बाटलीचा गुण येत नाही. इकडे आम्ही बापलेक ठीक आहोत. ही गेल्यापासून घरात बोलायला आम्ही दोघंच, आणि बोलायचा विषय एकच, दुकान. अक्षर मुंग्या चालल्यासारखं आलंय हे मला दिसतंय. त्याचं कारण पुढच्याच परिच्छेदात आहे, चष्मा पुसत बसू नकोस.

तर मुख्य गोष्ट. दुकान आता तुझी भाची बघते. ती मालकीण, मी कारागीर. मला हे मनापासून मान्य आहे, फक्त 'उद्या जरा लवकर या' असं ती म्हणते तेव्हा मी तोंडातला घास उगाच जास्त वेळ चावत बसतो. दुकानाची दर्शनी बाजू तुला आठवत असेल. लाकडी फळ्या, मधे अरुंद दार, दाराआड पडदा, पडद्याआड मशीन आणि मशीनआड मी. आता लेकीच्या मनात आहे की फळ्या काढायच्या, जमिनीपासून छतापर्यंत काच लावायची आणि त्या काचेला लागून मला बसवायचं. कपडा शिवणारे हात रस्त्यावरून दिसले पाहिजेत, म्हणजे तयार कपड्यांच्या दुकानात शिरणारी माणसं आपल्याकडे वळतील, असा तिचा विचार. विचार चुकीचा नाही. गिऱ्हाईक खरंच आटलंय, आणि असंच चाललं तर दुकान बंद करून कुठेतरी नोकरी धरीन, असं ती एकदा शांतपणे म्हणाली. (ओरडून म्हणाली असती तर मी एवढा घाबरलो नसतो.) म्हणजे काच लागली तर दुकान राहणार. आणि काच लागली तर, ताई, माझा उजवा हात सगळ्या रस्त्याला दिसणार. तो थरथरतो. झालं, सांगून टाकलं. सुई ओवताना जास्त, कात्री धरताना कमी, आणि मशीनवर अजिबात नाही असं मी स्वतःला सांगत असतो. पडद्याआड हे खपून जातं. लेकीला यातलं काही माहीत नाही आणि तू सांगायचं नाहीस.

आता गंमत अशी की काचेचा कंत्राटदार निवडायचं काम तिनं माझ्यावरच सोपवलं. बाबांना माणसं कळतात, म्हणे. मला माणसं कळत नाहीत, मला माणसांचे खांदे कळतात, पण ते कशाला बोलून दाखवू? मी मान हलवली आणि मनाशी ठरवलं की येईल त्या प्रत्येकात खोट काढायची. हातात काम नसताना खोट काढायला मला किती येतं, हे तू लहानपणापासून बघतेच आहेस.

पहिला आला त्याला मी मनातल्या मनात इस्त्रीवाला म्हणायचो. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, पण बाह्या बोटभर लांब. स्वतःच्या मनगटाचं माप ज्याला ठाऊक नाही तो माझ्या दुकानाचं काय घेणार, असं मला तिथेच वाटलं होतं. त्यानं मोबाइलवर उंचच उंच इमारतींचे फोटो दाखवले, सगळ्या काचेच्या. यातली तुम्ही केलेली कुठली, असं विचारलं तर म्हणाला, अशाच असतात सगळ्या. दुकानासमोर उभा राहून त्यानं एक डोळा मिटला, हात लांब केला, अंगठा वर केला आणि अंदाज आला म्हणाला. टेप खिशातून निघालीच नाही. ताई, आयुष्यात अंदाजानं मी एकदाच शिवलंय, आणि तो सदरा भाऊजी अजून घराबाहेर घालत नाहीत. याच्यात खोट काढायला मला कष्टच पडले नाहीत. लेकीलाही पटलं, आणि मी त्या दिवशी छान झोपलो.

दुसरा होकारवाला. गोड माणूस. काहीही विचारा, हो. काच जाड हवी, हो. पातळ चालेल का, हो, तीही चालेल. दार सरकतं हवं, हो, नाहीतर उघडतं, तेही हो. माझी आपली हौस म्हणून विचारलं, गोल खिडकी होईल का मधेच, तर म्हणाला, दोन करू. असा माणूस समोर असला की आपण फार हुशार असल्यासारखं वाटायला लागतं. लेकीला तो आवडला, त्यामुळे माझी पंचाईत झाली. त्यानं फोन करून सांगितलं की मापं तुम्हीच कळवा, तुम्ही तर मापातलेच. या वाक्यावर मी फुगलो. माझी टेप काढली, चौकट मोजली आणि मापं कळवली. आणि ताई, इथे तुझ्या भावानं जे केलं ते जगात फक्त शिंपीच करू शकतो. मी दोन बोटं जास्त सांगितली. मुद्दाम नाही गं, काच टाळायला तर मुळीच नाही. हातच तसा वळलेला. पोरगं वाढतं, कापड आटतं, माणूस सुटतो, म्हणून शिवताना आपण कडेला थोडं राखून ठेवतोच, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून. चौकट काही वाढणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

काच आली. टफन काच, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली. चौकटीत शिरेना. मी आपला सहज बोलून गेलो की घ्या थोडी कापून, त्यात काय एवढं. आता ही काच भट्टीतून निघाल्यावर कापताही येत नाही आणि घासताही येत नाही, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. (नंतर त्यानंच सांगितलं, हसत हसत.) पण नाही म्हणायची सवयच नाही ना! तो म्हणाला, हो. कडेला घासायचं यंत्र लावलं, आणि दुसऱ्या क्षणी समोर काचच नव्हती. धाडकन आवाज झाला आणि साबुदाण्याएवढे कण दुकानभर. कुणाला लागलं नाही, तेवढं नशीब. पण ते कण कुठे कुठे गेले म्हणून सांगू! मशीनच्या पोटात, बटणांच्या डब्यात, आणि एका वकिलांच्या कोटाच्या अस्तरात. ते वकील कोर्टात उभे राहिले की अंगाला काहीतरी टोचतं अशी तक्रार घेऊन आले. मी म्हटलं, नवीन कोट आहे, बसेल अंगावर. त्या दिवसापासून मला होकारवाल्या माणसांची धास्ती बसली आहे. आणि खरं सांगायचं तर काच फुटली तेव्हा सगळ्यात आधी मला सुटल्यासारखं वाटलं, मग लेकीचा चेहरा दिसला. ती केरसुणी घेऊन खाली बसली. तिच्या केसांतसुद्धा कण होते.

मग आल्या काचवाल्या बाई. माझ्याच वयाच्या असतील, आवाज असा की समोरचं दुकान आपण होऊन बंद व्हावं. मी मोठ्या अदबीनं मापांचा कागद पुढे केला, तर म्हणाल्या, "तो तुमच्याकडेच ठेवा, मी दुसऱ्याच्या मापावर काच कापत नाही." स्वतःची टेप काढली. चौकट वर मोजली, मधे मोजली, खाली मोजली आणि तिन्ही मापं वेगळी आली. मला म्हणाल्या, तुम्ही एकाच जागी मोजलं असणार. मी कागद खिशात घातला. (छाती, कंबर, घेर वेगवेगळं मोजणारा मी, आणि दुकानाला मात्र मी खांब समजलो होतो.) मग त्यांनी सपाटी बघायला दारावरच्या तुळईला पाणसळ लावली. तुळई मधे खचली आहे, तिचा भार काचेवर येईल, आधी गवंडी आणा, ती सरळ करा, मग मला बोलवा. असं म्हणून त्या निघूनही गेल्या. काम समोर असताना काम न घेता गेलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. गवंडी येऊन गेल्यावर पुन्हा आल्या, पुन्हा सगळं पहिल्यापासून मोजलं. ऊन कुठल्या वेळी येतं, कापड विटेल का, काचेला लागून कोण बसणार, पुसणार कोण, सगळं विचारलं. खोट काढायला मला जागाच ठेवली नाही.

तरी मी हिंमत सोडली नाही. त्यांनी पूर्वी जिथे काम केलंय तिथे जाऊन चौकशी करायची ठरवली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याची काच त्यांनीच लावलेली. तो म्हणाला, काच चांगली आहे, पण एका पावसात कोपऱ्यातून पाणी गळलं होतं. ताई, मला इतका आनंद झाला की मी गरज नसताना त्याच्याकडून मलमाची डबी घेतली. मग तो पुढे म्हणाला, फोन केल्यावर बाई दुसऱ्या सकाळी हजर, तोंड वाकडं न करता सगळा रबर काढला, नवा भरला, आणि पुढच्या पावसात बघायला परत आल्या, न बोलावता. झाला माझा आनंद खलास. रस्त्यानं येताना मी विचार करत होतो. पहिल्या दिवशी कपडा सगळेच झोकात देतात. शिंपी कसा आहे हे कळतं ते काखेत घट्ट झालेला कपडा घेऊन गिऱ्हाईक परत आल्यावर. तेव्हा तो टेप काढतो की कपाळाला आठ्या घालतो, एवढंच बघायचं. माझा ज्या ज्या माणसांवर भरवसा आहे ती सगळी माझ्यासमोर कधी ना कधी चुकलेली आहेत, आणि चुकल्यावर पळालेली नाहीत. ज्यांचं काही चुकलेलं मी पाहिलंच नाही, त्यांच्याबद्दल मला काही सांगता येणार नाही. मी असं काही लेकीला बोललो नाही, नुसतं म्हटलं की बाईंना काम द्यायला हरकत नाही. ती इतकी खूष झाली की मलाच वाईट वाटलं.

तेव्हा आता काच लागणार. सगळ्यांची काळजी घे, गुडघ्याला शेक, आणि माझी काळजी करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. काळजी कर. पत्र लिहायचं खरं कारण हे की भाची तुझं ऐकते. तू तिला आपल्या मनानं सुचल्यासारखं लिही की काच वाईट, उन्हानं कापडाचा रंग उडतो, फळ्याच बऱ्या. (रंग उडू नये म्हणून काचेवर लावायचा कागद बाईंकडे आहे, पण ते तू लिहू नकोस.) आणि बाबांना पडद्याआडच बसू दे, त्यांना वाऱ्याचा त्रास होतो, असंही घाल. कुठला वारा ते मी नंतर ठरवीन. मी सांगितलं हे कळता कामा नये.

दुसरा ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, कारण तुझ्या उत्तराची वाट बघण्याइतका धीर मला नव्हता. मी परस्पर बाईंकडे गेलो आणि हळूच म्हटलं, खालच्या अर्ध्या भागाला दुधी काच लावता का, म्हणजे बसल्यावर माझं नुसतं डोकं दिसेल. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "अहो, तुमच्या मुलीनं पहिल्याच दिवशी तसं सांगितलंय. वडिलांना बोलू नका म्हणाली होती, पण आता तुम्हीच आलात." आवाज तेवढ्यापुरता हळू केला होता. मी घरी आलो. लेक कापडावर खडूनं रेघा मारत होती. मी दुधी काचेचं विचारलं तसं मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुमच्या हातची काजं मी संध्याकाळी उसवून पुन्हा करते. काचेचं ठरल्यावर लक्षात आलं, बरेच दिवस झाले." मला रडू आलं. मग राग आला, की माझी काजं उसवून ती नवी करते आणि मला पत्ता लागत नाही. मग लक्षात आलं की मला फरक कळला नाही, म्हणजे तिचं काज माझ्यासारखंच उतरतं, आणि पुन्हा रडू आलं. सकाळी बाईंना निरोप पाठवला की वरपासून खालपर्यंत साधी काच लावा, आरपार. लेक भांडली. पण मी म्हटलं, जिच्यापासून लपवायचं तिलाच ठाऊक आहे, मग रस्त्याचं काय एवढं मोठं? काजं तू कर, शिलाई मी मारतो. तेव्हा ताई, वरची विनंती रद्द. तिला काही लिहू नकोस.

तिसरा ता. क. काच लागली. एका फटक्यात बसली, दोन बोटंही जास्त नाहीत. मी धुतलेला सदरा घालून, भांग पाडून काचेमागे बसलो. आणि काय सांगू, माणसं थांबतात! थांबतात आणि काचेत स्वतःला बघतात. एकीनं केस सारखे केले, एकानं ओठ मागे ओढून दात तपासले, एका गृहस्थांनी पोट आत घेऊन पाहिलं, सोडून पाहिलं, शर्टाची बटणं कशी ताणली जातात ते एका बाजूला वळून पाहिलं आणि मग खिन्न होऊन आत आले, नवा शर्ट शिवायला टाकायला. त्यांच्यासारखे आणखीही येऊ लागलेत. लेकीचा विचार बरोबर ठरला, फक्त कारण वेगळं निघालं. मी हातभर अंतरावर बसलेलो असतो, हात थरथरत असतो, आणि एक माणूस माझ्याकडे बघत नाही. कुणी बघू नये म्हणून एवढा आटापिटा केला, आणि आता कुणी बघत नाही म्हणून रुसून बसलोय. तेव्हा खरी विनंती ही. तू ये. काचेसमोर उभी राहिलीस की केस सारखे करू नकोस, आत बघ. मी समोरच बसलेला असेन.