शिवलेल्या तीनशे पुस्तिका

ता. ११, मंगळवार

प्रिय मुंगे,

तुझं पत्र शनिवारीच मिळालं. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण चष्म्याची काडी तुटली, ती चिकटवली, मग ती कानाला चिकटली. असो. आम्ही बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि ती गुडघ्यापेक्षा जास्त कुरकुरते. काल इथे एवढा वारा सुटला की समोरच्या न्हाव्याची पाटी उडून आपल्या दारात येऊन पडली. तुझी आई म्हणाली, "घ्या, आता दाढी घरबसल्या."

आमच्या बाइंडिंगच्या खोलीत नेहमीचंच चालू आहे. ग्रंथालयाने वरून जुन्या नकाशांच्या पुस्तकांचे सात गठ्ठे पाठवलेत, सगळ्यांच्या पाठी मोडलेल्या. तुझ्या टेबलावर नवा माणूस बसवलाय. सज्जन आहे बिचारा, पण सुई चमच्यासारखी धरतो. परवा त्याने एका जाडजूड शब्दकोशाच्या पानांचे फर्मे उलटसुलट लावून शिवले, 'म' आधी आणि 'क' शेवटी. आम्ही सगळे पोट धरून हसलो. मग एकदम कोणीच हसेना, कारण टेबल तुझं होतं.

तू जे विचारलंयस ते लक्षात आहे. त्यावर येतोच.

आधी कातरवालीबद्दल लिहितो. इथून गेल्यापासून तू तिच्याशी बोलणं टाकलंस. तिने पाठवलेली तिन्ही पत्रं तू न उघडता परत केलीस म्हणे. ही बाई कटिंग मशीनवर एका दाबात पाचशे पानं कापते, भल्याभल्यांना धाकात ठेवते, आणि परवा डबा खाताना माझ्यासमोर मुळूमुळू रडत होती. "मामा, मी काय केलं हो तिचं? दोऱ्याच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, एवढाच ना माझा गुन्हा?" मी म्हटलं, "होईल सगळं नीट." आणि माझ्या डब्याचं झाकण लावून टाकलं. अर्धा डबा तसाच होता.

तू लिहितेस, "मला काढल्याच्या पत्रात 'एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याच्या लेखी निवेदनावरून' असं म्हटलंय. दोरा चोरल्याचं सांगणारं दुसरं कोण असणार? किल्ली तिच्याकडे, वीस वर्षं नोकरी तिची."

मुंगे, ती नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस.

तुझी आई जेवायला हाका मारतेय. उरलेलं उद्या लिहितो.

ता. १३, गुरुवार

उद्या म्हणालो आणि दोन दिवस गेले. जेवण काही दोन दिवस चालत नाही, तुलाही ठाऊक आहे.

तर ऐक. तुला काढलं त्याच्या आदल्या आठवड्यात अधीक्षकसाहेबांनी मला वर बोलावलं. बसायला खुर्ची दिली. तेहतीस वर्षांत त्या खोलीत मला कोणी बस म्हटलं नव्हतं, तिथेच पाल चुकचुकायला हवी होती. त्यांनी एक छोटी पुस्तिका पुढे सरकवली. आपली सवय तुला माहीत आहे, आपण नाव वाचत नाही, पुस्तक हातात आलं की आधी मधून उघडतो आणि शिलाई बघतो. तसंच केलं.

साहेब म्हणाले, "काय सुरेख शिवलंय हो. कोणाचं काम असेल?"

हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. मी छाती फुगवून सांगितलं, "ही शेवटची गाठ आहे ना, ती मी शिकवलेली. आणि बघा, ती उलटी बसलीय. शिकताना पोरगी माझ्यासमोर बसायची, त्यात डावखुरी, म्हणून माझी गाठ तिच्या हातात उलटी होते. अशी गाठ घालणारी अख्ख्या शहरात एकच आहे, माझी भाची."

तेव्हा त्यांनी मला पहिलं पान दाखवलं. चौकशीशिवाय उचलून नेलेल्या माणसांची नावं. नावापुढे वय, आणि घरातून कुठल्या दिवशी नेलं तो दिवस. दुसरं काही नाही.

घरी येऊन तुझ्यावरच चिडलो होतो, हे तुला आठवत असेल. कारण सांगितलं नव्हतं. रविवारी चौकात वाटायच्या पुस्तिका, लोक वाचून खिशात कोंबणार, त्यांना दोन दोन पिना मारल्या असत्यास तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. तीनशे पुस्तिका हाताने शिवत बसलीस! पिन गंजते आणि गंज कागद खातो, हे मीच तुझ्या डोक्यात भरवलेलं. तुला ती नावं टिकायला हवी होती. आता कळतं, पण त्या दिवशी वाटलं, एवढी हुशार मुलगी आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस.

पत्र इथे संपवलं असतं तर तू मला माफही केलं असतंस. म्हातारा स्तुतीला भुलला, जिभेला हाड नाही त्याच्या, असं म्हणून हसली असतीस. मंगळवारी मी एवढंच लिहायचं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं आलं. या वेळी खुर्ची नव्हती. टेबलावर टाइप केलेला कागद होता, खाली माझं नाव आणि सहीची जागा. मी दोनदा वाचला. आधी मी गाठ ओळखल्याचं होतं. त्याखाली एक ओळ होती, की या पुस्तिका शिवायला वापरलेला दोरा कार्यालयाच्या साठ्यातला आहे.

मी म्हटलं, "साहेब, दोऱ्याबद्दल मी काही बोललो नव्हतो."

ते शांतपणे म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी चौकात उभी राहिली म्हणून फार तर समज देता येते. माणूस काढायचा तर चोरी लागते. आणि तिला काढायचंय, वरून सांगणं आहे." मग म्हणाले, "तुमच्या निवृत्तीला सातच महिने राहिलेत ना?"

आपला कार्यालयाचा दोरा तागाचा, मेण लावलेला, पिवळट. तुझा दोरा आपल्या जेवणाच्या टेबलावर पडलेला मी रोज बघत होतो. तुझ्या आईने आणलेलं रीळ होतं ते. मीच तुला टोकलं होतं, "सुती आहे, ओढशील तर तुटेल." डोळ्यांनी पाहिलेलं, हाताने चाचपलेलं. तरी सही केली. पेनही त्यांचंच होतं.

मी घाबरलो, मुंगे. याला जरा बरा शब्द सापडतो का म्हणून दोन दिवस घालवले. नाही सापडला.

तुला काढलं त्या संध्याकाळी तू घरी आलीस, चपलाही न काढता माझ्याजवळ बसलीस आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणालीस, "मामा, तू तरी आहेस." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. सही करण्यापेक्षा ते वाईट होतं. सही करायला दोन क्षण लागले होते, तुझ्याजवळ मी तासभर बसलो होतो आणि तो सगळा वेळ मला बोलता आलं असतं.

आता तू लिहितेस, "सत्तावीसला सुनावणी आहे. तू ये, आणि एवढंच सांग की दोरा बाहेरचा होता. तुझ्या शब्दाला तिथे वजन आहे." आहे ना. त्या वजनाखालीच तर तू सापडलीस. आणि त्या दिवशी ते निवेदन मोठ्याने वाचतील, तेव्हा खालचं नाव तुला कळेलच. माझ्या आधी त्यांच्या तोंडून कळू नये, म्हणून आज लिहितोय. त्यातही मोठेपणा नाही.

काल कातरवालीला सगळं सांगितलं. तिने मशीन बंद केलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला काय सांगताय? तिला लिहा." आज ती आमच्यात जेवायला बसली नाही. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. पत्र टाकून आलो की सांगतो. ती काय म्हणेल ते म्हणो.

सत्तावीसला यायचं ठरवलंय. पण माझ्या भरवशावर राहू नकोस, मीच राहिलेलो नाही. साहेबांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं तरी माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून जे घडलं ते वर जसंच्या तसं लिहिलंय. राग आला तरी पत्र फाडू नकोस, तुझ्या वकीलबाईंना दे. खाली पूर्ण सही करतोय, त्या निवेदनावर आहे तीच. त्यांना जुळवून बघता येईल. माझ्या उरलेल्या महिन्यांचा विचार तू करायचा नाहीस, तो मी एकदा केलाय, तेवढा पुरे.

कातरवालीला दोन ओळी लिही. मला नाही लिहिल्यास तरी चालेल. चालणार नाही, पण चालवून घेईन.

पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहायची आपल्या घरात पद्धत आहे. आज लिहीत नाही. त्या जागी एवढंच लिहितो की दोरा घरचा होता, सुती होता, आणि हे मला सही करतानाही माहीत होतं.

मामा
(आणि खाली सही)