वहिनीच्या लेझिमी आणि इंग्रजीतले लांब शब्द

प्रिय वहिनी,

तू गेल्यापासून मनातल्या मनात रोज तुझ्याशी भांडते. आज मात्र लिहायलाच बसले, कारण आज दादा हसला! तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तुझ्यामागे दादाने बोलणंच सोडलं होतं. सकाळी वाडीतली झाडं, संध्याकाळी दार बंद. गावातल्या मुलांसाठीची ओट्यावरची तुझी इंग्रजीची शिकवणीही बंद. मी बोईसरहून घिवलीला आले की म्हणायचा, "मी बरा हाय. तू जा." कसला बरा! ताटात भात तसाच.

शेवटी शनिवारची शिकवणी मीच सुरू केली. पण मला कुठे येतं गं? 'इलेक्ट्रिसिटी' मी सपाट वाचायचे, सगळी अक्षरं एकाच आवाजात. तू किती चिडवायचीस! "वन्सं, इंग्रजीत एकाच तुकड्याचे लाड असतात. बाकीचे सावत्र!" तो लाडका मुलांना कसा शिकवायचा, ते मात्र सांगितलं नाहीस. इतकी कसली घाई होती तुला?

मुलांनाच माझी कीव आली. त्यांनी माळ्यावरून तुझ्या जुन्या लेझिमी काढल्या आणि तू शिकवायचीस तसं करून दाखवलं. तेव्हा कुठे तुझी युक्ती कळली! प्रत्येक तुकड्याला लेझीम वाजवायची आणि जोराच्या तुकड्याला पाय आपटायचा. इ-लेक-ट्रि-सि-टी! 'ट्रि'ला सगळा ओटा हादरतो. शब्दकोशातली जोराची खूण मी बघते, बाकी सगळं मुलंच करतात.

आज 'एक्झामिनेशन' चालू होता. दादाने धाडकन दार उघडलं. मला वाटलं, आता हा मुलांना हाकलणार आणि परत दार लावून घेणार! पण तो ओट्यावर आला. मग एक लेझीम उचलली आणि पहिल्याच तुकड्याला जोरात पाय आपटला.

"काका, चुकलात!" पोरं ओरडली. "'ने'वर आपटायचा!"

"मला काय माहीत? तुमच्या बाईंनी मला कदी शिकवलंच नाय," दादा म्हणाला आणि हसायला लागला. हसता हसता रडला. मीही रडले. पोरं बिचारी गोंधळली. मग डोळे पुसून तो म्हणाला, "परत सांगा."

वहिनी, हे बघायला तू हवी होतीस. किती राग येतो मला तुझा!

मुलं गेल्यावर लेझिमी त्यानेच गोळा केल्या. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आला आणि विचारलं, "पुढल्या शनवारी कुठला शब्द हाय?"

मी लांबातला लांब शोधून ठेवीन. एकही शनिवार चुकवणार नाही आणि तुझ्या नवऱ्याला पुन्हा त्या बंद दाराआड बसू देणार नाही. नक्की!

तुझी नणंद,
सुमन