काळ्या चौकटीतला माझा फोटो

शांघाय, १२ नोव्हेंबर १९९३

प्रिय आई,

पत्र लिहायचं टाळत आलो, रागावू नकोस. मी ठणठणीत आहे, हे आधी वाच.

एका कामगार कुटुंबाच्या मालिकेत काम मिळालं, मेलेल्या मुलाचं! म्हणजे काळ्या चौकटीत नुसता माझा फोटो. अपशकुन टळावा म्हणून त्यांनी लाल पाकिटात पैसे दिले. ते त्याच दिवशी संपवायचे असतात, म्हणून नूडल्स खाल्ल्या. तुझ्या हातची चव नव्हती. गुडघा कसा आहे?

तो भाग परवा टीव्हीवर दाखवला म्हणे. तुम्ही पाहिला नसेल ना? बाबा तर मी घरून निघतानाच म्हणाले होते, "गेलास तर मेलास आम्हाला."

तुझा,
रुईमिंग

ता. क. इथे स्टुडिओच्या फाटकावर बाबा आलेत! दंडाला सुतकाची काळी पट्टी. दरवानाला विचारतायत, "माझ्या पोराला कुठं ठेवलंय?" पळतो गं.