पडद्यामागची माणसं

जेद्दा, मार्च १९७६

प्रिय दादा,

"तुझं गणित चांगलं आहे, पण घरोघर फिरून माणसं मोजणं हे बायकांचं काम नाही," असं मी एम.एस्सी. झाले तेव्हा तू म्हणाला होतास. आता तू दारेसलामच्या विद्यापीठात आफ्रिकेतल्या सरकारी संख्याशास्त्रज्ञांसाठी नवा अभ्यासक्रम बसवतो आहेस. तू कौतुकाने पाठवलेला आराखडा मी आनंदाने वाचला. पण अभ्यासक्रमाची दोन्ही वर्षं वर्गातच जातात, आणि विद्यार्थी सगळे पुरुष.

परवा आमच्या इमारतीत घरमालकाचा कारकून पाण्याच्या नव्या टाकीसाठी माणसं मोजायला आला. शेजारचे रत्नागिरीचे शौकतभाई दारातूनच म्हणाले, "आमी चौघे." म्हणजे ते आणि तीन मुलगे. मी तेव्हा त्यांच्याच घरी बसले होते; पडद्यामागे त्यांची बायको बदरुन्निसा माझ्या कानात कुजबुजली, "मी नि पोरी काय पाणी पीत नाय?" कारकून गेल्यावर मी शौकतभाईंना विचारलं.

"परक्या माणसाला घरातल्या बायका कशा सांगायच्या, भाभी?"

मग मी आणि बदरुन्निसा घरोघर गेलो. बायकांनी चहा पाजला आणि तान्ह्या मुलींसकट सगळ्यांची नावं सांगितली. आमची यादी पाहून घरमालकाने टाकी मोठी मागवली आहे.

तुझ्या विद्यार्थ्यांनाही दारात असे शौकतभाई भेटतील. म्हणून वर्गात मुली हव्यात, आणि एक पूर्ण सत्र लोकांच्या घरांत जायला हवं. हे पत्र दोनदा लिहून फाडलं. हेही टपालात टाकवेल असं वाटत नाही. तू नाहीच म्हणशील, तरी विचारते: ते सत्र शिकवायला मला बोलावशील?

तुझी धाकटी,
प्रमिला