आईच्या नावचं तिकीट

अल मनखूल, दुबई
५ ऑक्टोबर २०२५

ती. मृणालिनीताईंस,
आभाचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कुठून आलं, म्हणाल. अहो, आमच्या वन बेडरूममध्ये फोनवर बोलायचं म्हणजे तुमचे बंधुराज कानाशीच, आणि विषय नेमका त्यांचाच! समोरची दर्शना सुट्टीवर साताऱ्याला चाललीय, तिच्या बॅगेत हे कोंबते आहे.

इकडे एक धर्मादाय संस्था आलिशान व्हिलाची सोडत काढते. तिकिटाचे पैसे गरीब पेशंटांच्या डायलिसिसला जातात आणि एका नशीबवानाला अख्खा व्हिला मिळतो, फर्निचरसकट. तिकीट शंभर दिरहम, म्हणजे आपले चोवीसशे रुपये. सुजीतनं एक घेतलं. म्हटलं घेऊ दे, तेवढाच दानधर्म. मग दुसरं, तिसरं. आणि प्रत्येकावर नाव कुणाचं? आईंचं! गेलेल्या माणसाला बक्षीस देतं का हो कुणी? तर म्हणाला, दहाव्याला कावळा शिवेना तेव्हा मी आईला घराचा शब्द दिला होता. माझ्या पगारात व्हिला होत नाही, मग दुसरा रस्ता कुठला? मी तेव्हा पोरीला, अस्मीला, घेऊन गाडीत बसले होते, त्यामुळे घाटावर काय झालं ते मला माहीतच नाही.

तिकीट काढलेल्यांना दर शनिवारी व्हिला बघायला मिळतो. अल क्वोजच्या गोदामांपलीकडे नवी कॉलनी झालीय, तिथं. काल गेलो. झुंबरं, सोफे, टेबलावर प्लॅस्टिकची फळं. सुजीतनं दारातच बूट काढले, तडक वरच्या लहान खोलीत गेला आणि जमिनीवर मांडी घालून बसला. मी हाक मारली तर म्हणाला, हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय. कुणाचा, ते सांगेना. अस्मीचं आपलं 'सो वियर्ड' करून झालं.

तुमचं तो ऐकतो. चांगली हजेरी घ्या त्याची.

लोभात अंतर नको.
तुमची,
आभा

सातारा
१४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. आभास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

दर्शना पत्र आणि खजूर देऊन गेली. खजूर एका बैठकीत संपवले, डॉक्टरांना कळवू नकोस.

काय गं हे खूळ! सुजीतला म्हणावं, दान करायचं तर सरळ कर, पावती घे आणि गप्प बैस. तिकिटं काढणार हजारो माणसं आणि घर एकालाच. बरं, लागलंच समज. एवढ्या खोल्यांचा एसी, ती बाग, कॉलनीचा वर्षाचा मेन्टेनन्स, हा हत्ती पोसायचा कुणी? चांगला शिकलेला माणूस, ऑफिसात दुसऱ्यांचे हिशेब तपासतो आणि घरी असा वेडेपणा करतो!

आईला स्वतःच्या घराची हौस होती हे खरं. जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला तिचा. पण आता तिला ना भाडं ना घर. कावळ्याला भूक लागली की तो शिवतो. आणि त्या लहान खोलीत सुजीतला एकट्याला बसू देऊ नकोस. का ते विचारू नकोस, मला आवडलं नाही एवढंच.

अस्मीला म्हणावं, आत्याला एक ओळ तरी मराठीत लिही, चुका मोजणार नाही.

माया आहेच, ती काही कमी होत नाही.
तुझी,
ताई

अल मनखूल
२ नोव्हेंबर २०२५

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सुजीतनं वाचलं, खो खो हसला आणि आणखी एक तिकीट घेऊन आला.

ताई, आता थट्टा पुरे. तीन शनिवारांपूर्वी व्हिला दाखवणारी मुलगी, सुमैय्या, माझ्याजवळ आली. गोड पोरगी आहे. मला हिंदीत म्हणाली की तुमच्या सासूबाई फार शांत आहेत, तुमच्या आधी येऊन वरच्या खोलीत बसतात, एसी लावू देत नाहीत. मला वाटलं दुसऱ्या कुणाच्या असतील. कशा दिसतात म्हणून विचारलं. तर म्हणाली, बुटक्या, कपाळावर हिरवं गोंदण, डोक्यावर पदर, आणि जिना उतरणाऱ्या माणसाकडे टक लावून बघतात. आईंचा तर पासपोर्टसुद्धा कधी काढला नव्हता आपण!

सुजीतला सांगितलं, तर त्याला नवल वाटलं नाही. उलट खूश झाला. शनिवारी तो आता एकटाच जातो आणि परत आला की जेवून आलो म्हणतो. हाताला लसणाच्या फोडणीचा वास येतो. त्या व्हिलात अजून गॅसचं कनेक्शनही दिलेलं नाही, मी सुमैय्याला विचारून घेतलं. एवढं जेवतो म्हणतो आणि दिवसेंदिवस वाळतोय. शर्ट खांद्यावरून ओघळतात. सगळ्या तपासण्या केल्या, रिपोर्ट नॉर्मल.

त्यानं बॅग भरून ठेवलीय. सोडत २९ तारखेला आहे. म्हणतो, मी आधी जातो, तुम्ही दोघी नंतर बघू. नंतर बघू म्हणजे काय हो ताई? अस्मी हमसून हमसून रडली. मला माझा नवरा घरात हवाय, मला व्हिला नको. काहीतरी करा, मी फार घाबरलेय.

तुमचाच आधार आहे.
आभा

सातारा
१० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. आभास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचून मी देवापुढे बसून राहिले. घाटावर काय झालं ते तुला कुणी पुरतं सांगितलं नाही, तर आता मी सांगते.

कावळा भिंतीवर बसून होता, पिंडाकडे बघतसुद्धा नव्हता. मी म्हटलं, तुझी देवपूजा मी चालवीन. तो ढिम्म. सुजीत म्हणाला, आई, तुझ्या नावचं घर घेईन. तरी हलला नाही. मग तुझा नवरा हुंदका देऊन म्हणाला, त्या घरात मी तुझ्याजवळच राहीन, तुला सोडून कुठं जाणार नाही. त्याचं बोलणं संपायच्या आत कावळ्यानं झडप घातली. सगळे सुटलो म्हणाले. माझ्या अंगावर मात्र काटा आला होता. आईला घर नकोच होतं गं. तिला मुलगा हवा होता. सोडतीत नंबर लागो न लागो, ती त्याला नेल्याशिवाय राहायची नाही.

गुरुजींना विचारलं. ते म्हणतात, दिलेला शब्द मागे घेता येत नाही, पण त्याच्या वतीनं दुसऱ्याला फेडता येतो. आपलं पुण्य उदक सोडून त्याला द्यायचं. माझ्याकडे काय पुण्य, तर आईजवळ राहिले तेवढंच. ती अंथरुणाला खिळली तेव्हापासून शाळेत शिकवून आले की पाणी तापवायचं, तिला पुसून काढायचं, वेणी घालायची, पाय चेपायचे. पाय मी चेपायची आणि ती विचारायची सुजीतचं! तेव्हा राग यायचा, खोटं कशाला बोलू. पण ती माझी आई होती आणि ती वर्षं माझी होती.

ती सगळी सुजीतच्या नावे सोडते, म्हणजे आईजवळ राहायचा त्याचा शब्द फिटेल. पुढच्या सोमवारी माहुलीला संगमावर जाते आहे. उदक सोडलं की आपला त्यावर काही हक्क उरत नाही, असं गुरुजींनी पुन्हा पुन्हा बजावलं. मला कुठं हक्क गाजवायचाय? सोमवारी त्याला घरातून हलू देऊ नकोस. पिठलं-भाकरी कर.

धीर सोडू नकोस, मी आहे.
ताई

अल मनखूल
३० नोव्हेंबर २०२५

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचे पाय धरायला हवेत! त्या सोमवारी सुजीत दुपारपर्यंत खोलीत येरझारा घालत होता, आणि मग एकदम भूक लागली म्हणून ओरडला. चार भाकऱ्या खाल्ल्या. संध्याकाळी स्वतःच बॅग रिकामी केली. काल सोडत झाली, शारजाच्या कुठल्या कुटुंबाला व्हिला लागला म्हणे. ह्यानं निकाल बघितलासुद्धा नाही. सुमैय्याचा फोन आला होता, वरची खोली आता रिकामी असते. ज्यांना लागला त्यांना सुखानं लाभो. आम्ही मात्र ठरवलं, यापुढे डायलिसिसला सरळ देणगी द्यायची, बदल्यात काही मागायचं नाही.

एकच तक्रार आहे. सुजीत हल्ली रोज आईंबद्दल बोलतो. मी कसं पाणी तापवायचो, कशी वेणी घालायचो, पाय चेपताना ती माझ्या केसांतून कसा हात फिरवायची. डोळ्यांत पाणी आणून सांगतो हो! बारावी झाल्यापासून हा घराबाहेर. मी म्हटलं, अरे, हे सगळं ताईंनी केलं. तर गोंधळून म्हणाला, ताई तेव्हा कुठं होती? इतका संताप आला मला. त्याला एक खरमरीत पत्र टाका.

तुमच्या ऋणातच बरं वाटतंय.
आभा

सातारा
९ डिसेंबर २०२५

चि. सौ. आभास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. सुजीत जेवूखाऊ लागला, जीव भांड्यात पडला. त्याच्यावर रागावू नकोस. त्यानं आईचं इतकं केलं, म्हातारी भाग्याची.

माझी तब्येत उत्तम. शाळेतलं सगळं लख्ख आठवतं, कोणत्या बाकावर कोण बसायचं तेसुद्धा. पण माझ्या खोलीत एक जास्तीची खाट आहे, रबराच्या चादरीची. शेजारच्या बाई म्हणतात, तुमच्या आई इथंच असायच्या. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी हो म्हणते. संध्याकाळी मी उठून पाणी तापवते. तापलं की कुणासाठी तापवलं ते सुचत नाही. मग निवलं की झाडांना ओतते.

तुझं एक जुनं पत्र सापडलं, त्यात गोंदण वगैरे लिहिलंयस. सुजीतला नीट विचारून कळव, आई दिसायची कशी. तो तिच्याजवळ होता, त्याला माहीत असणार. आणि तिनं कधी माझं नाव काढलं होतं का, तेही विचार. नसेल काढलं तरी तसंच लिही, मला वाईट वाटणार नाही.

सगळ्यांना आशीर्वाद. उत्तराची वाट बघते.
तुझी,
ताई